गोपीनाथशेठच्या नावाचा जंत

मित्रांनो, मी एक जंत आहे. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या, मला बरंच बोलायचं आहे. सध्या माझा मुक्काम ठाण्यातल्या एका कॉलेजात, स्पिरिटच्या बाटलीत आहे.

कोपरीतल्या एका जुन्या चिंचेवर मोठी वटवाघळं राहतात. त्यांतल्या एका आईच्या दुधातून मी तिच्या पिल्लाच्या पोटात आलो. पिल्लाच्या दुधातलं थोडं मी घ्यायचो, हे कबूल. पण त्याला मारण्याइतका मी मूर्ख नव्हतो. ते माझं घर होतं.

चिंच गोपीनाथशेठच्या जमिनीवर. त्याला तिथे टॉवर बांधायचा होता. एका दुपारी त्याने झाडाखाली फटाक्यांची माळ लावली. वटवाघळं उधळली, पिल्लू आईच्या अंगावरून सुटलं आणि खाली आपटून मेलं. तेव्हाचा माझा राग अजून उतरलेला नाही.

वर तेच पिल्लू पिशवीत घालून तो कॉलेजात आला. जंतांचा अभ्यास करणाऱ्या समीक्षामॅडमना म्हणाला, "मॅडम, एवढं लिहून द्या, ही वाघळं रोगराई पसरवतात. झाड तोडायची परवानगी लगेच मिळेल."

मॅडमनी पिल्लाचं पोट तपासलं. मी सापडलो.

"शेठ, हा जंत माणसाच्या पोटात राहत नाही. पण असा जंत आजवर कुणी नोंदवलेला दिसत नाही. पिल्लू तुम्ही आणलंत, याला तुमचंच नाव देऊ का?"

"माझं नाव? जगभर जाणार?"

"हो, पुस्तकांत छापून."

"मग द्या की!"

वर्षभराने नाव छापून आलं. शेठने टेंभी नाक्यापर्यंत बॅनर लावले. गॉगल घातलेला स्वतःचा फोटो, शेजारी चिंच आणि खाली मोठ्या अक्षरांत, 'हा जीव जगात फक्त आमच्याच झाडावर!'

मग तो झाड तोडायच्या परवानगीचा अर्ज घेऊन महापालिकेत गेला. साहेब म्हणाले, "शेठ, जगात फक्त याच झाडावर, असं तुम्हीच लिहिलंय. मग तोडायचं कसं?" अर्ज नामंजूर झाला. आता आळीतली पोरं त्याला जंतशेठ म्हणतात. ऐकून मला फार बरं वाटतं.

पण पिल्लू परत आलं नाही. म्हणून सांगतो मित्रांनो, वटवाघळांना जपा. नाही जपलंत, तर आमच्यातले पुष्कळ जण अजून बिननावाचे आहेत. तुमचं नाव काय?