आधी विचारलंय

नवशिक्यांचे प्रश्न तेच असतात. माणसं बदलतात, प्रश्न बदलत नाहीत. बटण एकदा दाबलं तर काम दोनदा का होतं. प्रोग्रामची खिडकी मध्येच गोठून पांढरीफटक का पडते. मी वेबपेज बनवलंय, माझ्या ब्राउझरमध्ये झकास दिसतं, पण तोच पत्ता मित्राला पाठवला तर त्याच्याकडे उघडत नाही, असं का. अहो, तो पत्ता तुमच्याच मशीनचा आहे, मित्राकडे उघडेल कसा? बारा वर्षं हेच ऐकतेय मी. कान किटलेत माझे.

म्हणून ऑफिसात प्रश्नांचा नवा बोर्ड आला तेव्हा नियम मी घालून दिले. नव्या माणसानं कुणाच्या टेबलापाशी जाऊन डोकं खायचं नाही. शंका असेल तर बोर्डवर लिहायची. प्रश्न जुनाच असेल तर मी त्याच्यावर शिक्का मारणार: 'आधी विचारलंय'. शिक्का पडला की बोर्ड स्वतःच जुन्या उत्तरांतलं एखादं जुळणारं शोधून खाली जोडतो आणि प्रश्न बंद होतो. मला लिहावं लागत नाही आणि खरं सांगायचं तर वाचावंही लागत नाही. चहा पिता पिता वीस-वीस शिक्के मारलेत मी. साहेब सगळ्यांना सांगायचे, बाईंमुळे मजल्यावर शांतता आहे.

अशा ठिकाणी माझे भाऊजी आले. ताईचे यजमान. वय वर्षं सत्तेचाळीस, उमेदवार म्हणून, तीन महिन्यांच्या बोलीवर.

भाऊजी सव्वीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासायचे. छापखाना बंद पडला. मग नऊ महिने ते घरात खिडकीजवळच्या खुर्चीत बसून होते. पेपर वाचायचेही बंद झाले, कारण चुका दिसतात म्हणे आणि दुरुस्त करता येत नाहीत. दाढी केली तर केली. ताईनं मला फोन केला तेव्हा ती रडत नव्हती, त्याचंच मला नवल वाटलं. ती म्हणाली, "तुझ्याकडे चिकटव त्यांना कुठंतरी. ते पुन्हा त्या खुर्चीत बसले ना, तर या वेळी उठायचे नाहीत. मला दिसतंय ते."

मी साहेबांकडे शब्द टाकला. का टाकला? ताईसाठी टाकला. आणि दुसरंही कारण होतं, ते आता लपवून काय करायचं.

बावीस वर्षांची होते मी. पहिल्या नोकरीचा अर्ज लिहिला आणि कौतुकानं भाऊजींना दाखवला. घरात पाहुणे होते. भाऊजींनी खिशातलं लाल पेन काढलं आणि जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत, चौदा चुका काढल्या. एकेक वाचून दाखवली. पाहुणे हसले, ताई हसली, ते स्वतःही हसले. मग म्हणाले, "ठकू, नोकरी नाही मिळाली तरी करमणुकीला कमी नाही तुझ्याकडे." ठकू म्हणजे मी. घरातलं नाव. त्याच आठवड्यात त्या दोघांनी मला माझा पहिला लॅपटॉप आणून दिला, तो भाऊजींनीच बसून चालू करून दिला, हेही खरं आहे. पण लॅपटॉप विसरायला होतो. हसणं विसरायला होत नाही.

कामाच्या पहिल्या दिवशी ते मजल्यावर आले. नवा शर्ट, खिशाला लाल पेन. मला बघून चेहरा फुलला त्यांचा आणि तोंडातून "ठ" निघालासुद्धा. मी त्यांना जिन्यात नेलं.

"इथं मी मॅडम. आपलं नातं इथं कुणाला माहीत नाही आणि व्हायलाही नको. आणि ते नाव ऑफिसात एकदा जरी उच्चारलंत, तर त्याच दिवशी घरी जाल. कळलं?"

"कळलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, "कळलं, मॅडम."

मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू.

त्यांना काम दिलं होतं ते अगदी प्राथमिक. डोळ्यांच्या एका दवाखान्याला काउंटरसाठी छोटा प्रोग्राम हवा होता. सकाळी त्या दिवसाची रुग्णांची यादी एका फाईलमधून वाचायची, आणि बटण दाबलं की पुढचा नंबर पडद्यावर मोठ्या अक्षरात दाखवायचा. बस्स. शिकाऊ पोरं पंधरा दिवसांत करतात. तीन महिन्यांच्या शेवटी दवाखान्याचे लोक त्यांचं काउंटरवरचं मशीन घेऊन येणार, त्यावर भाऊजी तो चालवून दाखवणार. चालला तर कायम, नाही चालला तर नमस्कार.

भाऊजी प्रश्न विचारायचे. बापरे, काय प्रश्न विचारायचे. आणि प्रत्येक प्रश्न शुद्ध, पूर्णविरामासकट, शेवटी 'आपला आभारी'. मी शिक्का मारायची. दुपारी चहाला पोरं तो बोर्ड मोठ्यानं वाचायची आणि "आपला आभारी" म्हणून एकमेकांना कप द्यायची. भाऊजी तिथंच उभे असायचे. तेही हसायचे थोडंसं. मला वाटायचं, हसा. आता कळू दे.

पण माणूस चिवट. जुनं उत्तर कागदावर उतरवून घ्यायचे, ओळीवर पट्टी ठेवून एकेक अक्षर टाइप करायचे. दोन महिन्यांत खिडकी आली, बटण आलं, नंबर मोठा झाला. ताई फोनवर म्हणाली, "सकाळी शीळ घालतात गं दाढी करताना." मी म्हटलं, छान.

तिसऱ्या महिन्यात त्यांनी बोर्डवर लिहिलं: माझा प्रोग्राम यादीची फाईल कधी उघडतो, कधी उघडत नाही. फाईल कुठं आहे हे त्याला कसं सांगावं? जगातला सगळ्यात घासून गुळगुळीत झालेला प्रश्न. शिक्का.

दोन दिवसांनी दुसरी शंका आली. तिची नुसती पहिली ओळ दिसली मला: 'वरील उत्तराबाबत शंका'. शिक्का.

आणि प्रात्यक्षिकाच्या आदल्या दिवशी ते स्वतःच माझ्या टेबलापाशी आले. हातात एकच कागद.

"मॅडम, एवढ्या एका ओळीवरून नजर फिरवाल का? मला थोडी शंका आहे."

आजूबाजूची पोरं टाइप करायची थांबली. मी कागद हातातही घेतला नाही.

"बोर्डवर विचारा."

"विचारलं होतं. दोनदा."

"मग उत्तर मिळालं असेल."

"मिळालं," ते म्हणाले. कागदाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. कुणीतरी मागून हळूच "आपला आभारी" म्हणालं. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता बैठकीच्या खोलीत साहेब, मी, दवाखान्याचे दोन डॉक्टर आणि त्यांची काउंटरवरची बाई असे बसलो. मशीन टेबलावर, त्याचा पडदा भिंतीवर मोठा करून लावलेला. भाऊजींनी प्रोग्राम त्या मशीनवर टाकला, बोटं शर्टाला पुसली आणि बटण दाबलं.

भिंतीवर एक चौकोन आला. फाईल सापडली नाही. आणि खाली, जिथं प्रोग्राम ती फाईल शोधत होता, तो सगळा मार्ग: सी ड्राइव्ह, युझर्स, ठकू, डेस्कटॉप, यादी.

तो मार्ग मी ओळखला.

माझा पहिला लॅपटॉप. भाऊजींनी चालू करून देताना त्यात वापरणाऱ्याचं नाव घातलं होतं ठकू. नोकरीच्या पहिल्या वर्षी, अक्कल नव्हती तेव्हा, याच प्रश्नाला ऑफिसच्या जुन्या बोर्डवर मी उत्तर दिलं होतं: फाईलचा पूर्ण मार्ग लिहा, झालं काम. आणि स्वतःच्या लॅपटॉपवरचा मार्ग जसाच्या तसा चिकटवला होता. असा मार्ग त्या एका मशीनशिवाय जगात कुठंच चालत नाही. नव्या बोर्डवर जुनी उत्तरं आणली तेव्हा लिहिणाऱ्यांची नावं गळून पडली. उत्तर मात्र राहिलं. आणि बोर्डनं बरोब्बर तेच काढून भाऊजींच्या हातात दिलं होतं. माझ्या शिक्क्याखाली.

"हे ठकू कोण?" साहेबांनी विचारलं. काउंटरवरची बाई तोंडावर रुमाल धरून हसली.

त्या खोलीत हे दोघांनाच माहीत होतं. भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. भिंतीकडे बघत म्हणाले, "घरातलं माणूस आहे, साहेब."

"तुमच्या मशीनवर कसा चालत होता मग हा?"

"आधी चालत नव्हता. मग मी माझ्या मशीनवर त्या नावाचा फोल्डर तयार केला, आत डेस्कटॉप केला, त्यात यादी ठेवली. मग चालला." त्यांचा आवाज अगदी सरळ होता. "मूळ प्रतीत होतं तसं ठेवलं. आमच्या छापखान्यात लेखकाच्या शब्दाला परस्पर हात लावत नाहीत. समासात शंका काढायची, लेखकाकडे पाठवायची. आहे तसं ठेवा असं परत आलं, की ठेवायचं."

डॉक्टरांना यातलं काही कळलं नाही. ते घड्याळाकडे बघायला लागले. साहेब माझ्याकडे वळले.

"बाई, बोर्डवर याचं उत्तर नव्हतं का?"

आता इथं माझ्याकडे वेळ होता. चांगला दोन श्वासांचा. साहेब, उत्तर माझंच आहे आणि ते चुकीचं आहे, एवढं एक वाक्य. दहा मिनिटांत ती ओळ बदलून तोच प्रोग्राम त्याच भिंतीवर चालवून दाखवता आला असता. डॉक्टर थांबलेही असते. पण मग त्या पोरांच्या चहात माझं नाव आलं असतं. ठकू. आपली ठकू.

"होतं साहेब," मी म्हटलं. "यांनी नीट वाचलं नाही."

भाऊजींनी तेव्हा बघितलं माझ्याकडे. रागानं बघितलं असतं तर मला परवडलं असतं. अर्जातली चौदावी चूक सापडल्यावर जसं बघितलं होतं तसं बघितलं, फक्त हसले नाहीत.

"मॅडम म्हणतात ते बरोबर आहे," ते म्हणाले.

तिथंच संपलं. साहेबांनी तासाभरात कागद तयार करायला सांगितले.

मी जागेवर जाऊन बोर्ड उघडला. भाऊजींची दुसरी शंका आता वाचली. 'वरील उत्तराबाबत शंका. त्यात एका व्यक्तीचं नाव आलेलं आहे. व्यक्ती माझ्या परिचयाची असल्याने इथे लिहीत नाही. ते नाव तसंच ठेवायचं, की तिथे दुसरं काही अपेक्षित आहे? आपला आभारी.' खाली माझा शिक्का आणि पुन्हा तेच जुनं उत्तर. मी ती शंका पुसली. बोर्डवरचं पुसण्याचा अधिकार फक्त माझ्याकडे आहे. मग माझं जुनं उत्तर पुसलं आणि त्या जागी बरोबर उत्तर लिहिलं: फाईल प्रोग्रामच्या शेजारी ठेवा आणि तिथूनच वाचा, मग मशीन कुठलंही असो. दीड ओळ. लिहायला मिनिटही लागलं नाही.

चारच्या सुमारास ते गळ्यातलं ओळखपत्र काढून हातात धरून माझ्यापाशी आले. मजला भरलेला होता.

"मॅडम, ते उत्तर तेवढं दुरुस्त करून टाका. पुढच्या माणसाचं अडेल."

हळू बोलले होते. माझ्याशिवाय कुणाला ऐकूही गेलं नसेल. पण पोरं बघत होती, आणि माझ्या तोंडाला तेवढंच बोलायची सवय होती.

"बोर्डवर विचारा," मी मोठ्यानं म्हटलं.

मजला हसला. भाऊजींनी ओळखपत्र टेबलावर ठेवलं, कडेला समांतर, आणि लाल पेन खिशात आहे का ते चाचपून निघून गेले.

मी घरी पोचले तोवर ताईचा फोन आला.

"आले ते. बूट काढले आणि खुर्चीत जाऊन बसले. चहा समोर तसाच गार झालाय. काय झालं विचारलं तर म्हणतात, ठकूला विचार." ताईचा श्वास लागला होता. "सांग ना गं. चालत होतं ना सगळं? काय चुकलं त्यांचं?"

मी चपला काढत होते. एक पायात, एक हातात.

"उत्तर दिलेलं होतं, ताई. त्यांनी नीट वाचलं नाही."

मग फोन बाजूला धरून तिनं त्यांना विचारलं, आणि मला ऐकू आलं. "ही म्हणतेय तुम्ही नीट वाचलं नाहीत. खरं का?"

मग खिडकीजवळून त्यांचा आवाज आला, बारीक पण स्वच्छ. "बरोबर आहे ठकूचं."

फोन मी ठेवला नाही, ताईनंच ठेवला. त्या माणसाचा मला इतका राग आयुष्यात कधी आला नव्हता.