चूक ०.५३ च्या आत

मित्रांनो, मी एक जुने, हाताने फिरवायचे गणनयंत्र आहे. नाशिकच्या एका कॉलेजच्या अडगळीत पडून आहे. माझ्या उत्तर दाखवणाऱ्या खिडकीत एक चुकीचा आकडा अडकला आहे आणि त्यापायी मला जीव नकोसा झाला आहे.

सत्तरच्या दशकात मी इथे नवेकोरे आले. दांडा पुढे फिरवला की बेरीज, मागे फिरवला की वजाबाकी. उत्तर शून्याखाली गेले की माझी घंटी वाजे. निफाडच्या लताबाई इथे गणित शिकवत. डफाचे कातडे कसे थरथरते, याचे गणित त्या माझ्यावर करत. त्याला बेसेल फलनाची किंमत लागे. ती सरळ हाती येत नाही. एक पद मिळवा, पुढचे वजा करा, अशी ती न संपणारी मालिका. पदे लहान होऊ लागली की मग कुठेही थांबा. सोडलेल्या पहिल्या पदापेक्षा चूक मोठी नसते.

एके दिवशी आम्ही आठ या संख्येसाठी ती किंमत काढत होतो. पदे आधी शंभरावर चढली, मग उतरली. घंटी वाजून वाजून मी दमले. खिडकीत ०.६१९९३ आले. पुढचे पद, ०.५२१८६, वजा करायला बाईंनी दांडा मागे घेतला आणि तो मध्येच अडकला. आकडा पुढेही जाईना, पुसलाही जाईना.

विभागप्रमुख रंगनाथ सर म्हणाले, "जाऊ द्या हो बाई. पदं लहान होत चाललीत ना? घ्या तेवढंच."

"अहो सर, जे सोडायचं तेच जवळजवळ उत्तराएवढं आहे. कसं घेऊ?"

उरलेली पदे बाईंनी कागदावर केली. खरे उत्तर निघाले ०.१७१६५. बाई सुटल्या, मी अडकले. जाताना त्यांनी माझ्या पाठीवर खडूने लिहिले, 'चूक ०.५३ च्या आत.' तेवढ्यावर मी दिवस काढले. माझे उत्तर अपुरे होते, पण खोटे नव्हते.

पुढे बाईंची बदली झाली. शहाऐंशी साली कॉलेजात प्रदर्शन भरले. साफसफाई करणाऱ्या चांदवडच्या रंगूबाईंनी मला ओल्या फडक्याने मायेने पुसले. "लय धूळ बसली गं बाई तुझ्यावर!" धुळीबरोबर लताबाईंचे खडूचे अक्षरही गेले. मी आतून ओरडत होते, पण घंटीसुद्धा वाजेना. मग मुले आली आणि 'मशीनचं उत्तर' म्हणून ०.६१९९३ वहीत उतरवून घेऊन गेली.

मित्रांनो, मला तेल नको, रंग नको. खडूचा एवढासा तुकडा घेऊन या. माझी चूक किती, तेवढे माझ्या पाठीवर परत लिहा हो कुणीतरी.