भोपळ्याच्या पानावरचे काळे कागद

पंचफुलाबाईंनी चुलीतला चिमटा घेतला आणि भोपळ्याच्या पानावरचा काळा कागद उचकटला. असल्या वस्तूला हातानं शिवायचं नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. चार पानं, चार कागद. प्रत्येकाची दोन बोटं रुंद पट्टी, पानाला वरून-खालून लावून टाचण्या टोचलेली. कोण रिकामटेकडं भोपळ्याची पानं झाकायला जाईल? आणि तेही सुनेला सातवा महिना लागलेला असताना?

संशयाला लांब जावं लागलं नाही. वेल दोन घरांमधल्या कुडावर चढलेला, आणि कुडापलीकडं धाकटी जाऊ केवळाबाई. पोळ्यापासून दोघींचं बोलणं बंद. त्यात गेल्या आठवड्यात भल्या सकाळी ती वेलापाशी वाकलेली त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. सुनेची, राजकन्येची, कूस आधी दोनदा रिकामी झाली, तेव्हाही हीच बया सगळ्यांच्या आधी रडली होती. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

त्यांनी कागद घमेल्यात टाकले. वर मूठभर मीठ, सात लाल मिरच्या. एका हातात घमेलं, दुसऱ्या हातात पळीभर विस्तव घेऊन त्या निघाल्या. जाळायचे ते तिच्याच दारात.

"आत्याबाई, जाळू नका. माझे हायेत ते."

राजकन्या उंबऱ्यात उभी होती, पोटावर हात ठेवून.

"तुझे? आपल्याच येलाला टाचण्या कशाला टोचशील तू?"

"दहावीचं विज्ञान राहिलंय ना माझं. परत फॉर्म भरलाय. उजेड अडवला की पान अन्न करीत न्हाई म्हणं. वाचून डोक्यात शिरंना, म्हणून करून बघून राहिले."

पंचफुलाबाईंचा विश्वास बसेना.

"मग केवळी काय करून राहिली होती येलापाशी?"

"कागद त्यांनीच आणला, मुखेडच्या बाजारातून. मला वाकवंना, म्हणून टाचण्या बी त्यांनीच लावल्या."

"तिला ठाऊक. अन् मला न्हाई?"

लग्न होऊन सून या घरात आली, त्याच महिन्यात तिची पुस्तकं कुणी रद्दीत घातली, हे दोघींनाही आठवत होतं.

"तुम्ही न्हाई म्हणला असता," राजकन्या म्हणाली.

करणी असती तर मीठ-मिरचीनं उतरली तरी असती. हे काळजाला लागलं होतं, आणि त्यावर पंचफुलाबाईंकडं उतारा नव्हता. त्यांनी विस्तव परत चुलीत टाकला आणि वेलापाशी गेल्या. पान सगळं हिरवंगार, मधेच पट्टीएवढं फिक्कट पिवळं. त्यांनी अंगठ्यानं पुसून पाहिलं. तसंच राहिलं.

"आता ह्याचं काय?"

"आजून आठ दिवस ठेवायचे होते. आता नवी पानं झाकावी लागतील."

पंचफुलाबाईंनी घमेल्यातले कागद एकेक करून उचलले, मीठ झटकलं, पदरानं पुसले. चिमटा चुलीपाशीच पडला होता. कुडाजवळ जाऊन त्यांनी घसा खाकरला.

"केवळे, टाचण्या हायेत का गं आजून? ह्या वाकल्या."