कुणाच्या पेशी जास्त निळ्या

थोरलीला सत्तरी ओलांडून दोन वर्षं झाली होती आणि त्याचा तिला अभिमान होता. तिची धाकटी जाऊ मात्र गेली दोन वर्षं एकोणसत्तरच होती. कुणी विचारलं की म्हणायची, "येईल की सत्तरी, घाई काय आहे?"

दोघींचे नवरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. थोरलीचा मुलगा कामानिमित्त सतत फिरतीवर. त्यामुळे घरात या दोघी, थोरलीची सून आणि पन्नास वर्षांचं मुरलेलं भांडण. धाकटी वय चोरते, हे थोरलीने कधीच ओळखलं होतं. पुरावा तेवढा हाती लागत नव्हता. तो सुनेने आयता आणून दिला.

सून एका प्रयोगशाळेत पेशींवर काम करायची. एका सकाळी चहाचा कप विसळता विसळता ती म्हणाली, "आई, काकू, आम्हाला सत्तरीच्या आसपासची माणसं हवी आहेत. दंडाच्या आतल्या बाजूची तांदळाच्या दाण्याएवढी कातडी घेतात. भूल देऊन, दुखत नाही."

"आणि तिचं करता काय?" धाकटीने विचारलं.

"वय झालं की काही पेशी विभागायच्या थांबतात. पण मरतही नाहीत. ठाण मांडून बसतात, आणि वर अशी काही द्रव्यं सोडतात की शेजारच्या धडधाकट पेशीही बिघडतात. मग सांधे सुजतात, जखमा भरत नाहीत. त्या कुणात किती साठल्यात ते बघायचंय."

"म्हणजे स्वतः काम करायचं नाही आणि दुसऱ्यालाही करू द्यायचं नाही," असं म्हणून थोरलीने धाकटीकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता, जाऊबाई? भाजी मीच चिरतेय."

थोरलीने ते कानाआड केलं. "जन्माचा दाखला लागत असेल ना गं?"

"हो तर. त्याशिवाय घेतच नाहीत."

थोरलीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. आता धाकटीने नाही म्हटलं तर भित्री, हो म्हटलं तर उघडी. पण धाकटीने सुरी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "जाऊ या की. दाखला आहे माझ्या ट्रंकेत."

ठरल्या दिवशी थोरली नर्सच्या टेबलाशी धाकटीला असं खेटून उभी राहिली की नर्सला वाटलं, आजींना उभं राहवत नाही. तिने खुर्ची पुढे केली. थोरली बसली नाही.

नर्सने थोरलीचा कागद बघितला. "बहात्तर." मग धाकटीचा उलगडला. घड्यांवर फाटलेला, पिवळा पडलेला. "आणि तुम्ही पंचाहत्तर. म्हणजे तुम्ही मोठ्या बहीण का?"

थोरली खुर्चीत बसली.

पंचाहत्तर! दोन-तीन वर्षं लपवली असतील, असा तिचा हिशोब होता. ही बया तिच्यापेक्षाच तीन वर्षांनी मोठी निघाली! आणि आपण हिला पन्नास वर्षं अगंतुगं केलं. "माझ्या वयाची झालीस की कळेल," हे तर आठवड्यातून दोनदा.

बाहेर बाकावर दोघी दंडाला पट्टी लावून बसल्या.

"नवऱ्यापेक्षा मोठी होते मी," धाकटी म्हणाली. "मोडलं असतं लग्न. वडिलांनी चार वर्षं खाली सांगितली, तीच पुढे ओढली. नंतर दोन वर्षं मीच थांबवून धरली, तेवढी मात्र हौस म्हणून."

"भावजींना ठाऊक होतं?"

"तिसऱ्याच दिवशी सांगितलं. पोट धरून हसले. म्हणाले, वहिनीला कळू देऊ नकोस, तिचं थोरलेपण जाईल."

थोरलीला हसावं की रडावं कळेना. घरी मात्र तिने चकार शब्द काढला नाही. सांगितलं असतं तर गादी कुणाची गेली असती, हे तिला पक्कं समजत होतं.

तीनेक आठवड्यांनी सुनेने दोघींना प्रयोगशाळेत नेलं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन बशा होत्या. त्या म्हाताऱ्या पेशी रंगाने निळ्या होतात, हे तिने समजावलं. "त्या दिवशी तुम्ही दोघीच आला होतात. पण कोणती बशी कुणाची ते मलाही माहीत नाही, नुसते आकडे असतात. आणि एवढ्यावरून कुणाचं काही ठरत नाही. जखम भरताना यांची मदतही होते. काम झाल्यावर निघत नाहीत, ही पंचाईत."

थोरलीने एका डोळ्याने दोन्ही बशा बघितल्या. एकीत निळे ठिपके तुरळक, दुसरीत दाट.

"जास्त निळी माझी," तिने जाहीर केलं.

"तुमची कशी? माझी असणार," धाकटी म्हणाली.

"थोरली कोण आहे घरात?"

धाकटीला असं हसू फुटलं की तिला स्टूल धरावं लागलं. सून दोघींकडे बघत राहिली. जास्त निळं असण्यावरून भांडणारी माणसं तिने पहिल्यांदाच पाहिली होती.

जिना उतरताना धाकटीचा गुडघा कुरकुरला. थोरलीने हात पुढे केला आणि हळूच म्हणाली, "ऐक, मला तू म्हणत जा."

"आता जीभ वळायची नाही, जाऊबाई."

"मग मी तुला अहोजाहो करू?"

"करून बघा."

थोरलीने घसा साफ केला. "अहो..." पुढे काही सुचेना. "अगं, पायरीकडे बघ आधी, पडशील!"