बटणाचं वाक्य

सर निवृत्त झाले ते इतिहासाचे प्राध्यापक म्हणून, पण लोक त्यांना ओळखायचे ते पत्रांमुळे. कुठल्याही देशात कोणी लिहिल्याबोलल्याबद्दल तुरुंगात पडलं की तिथल्या सरकारला सरांचं पत्र जायचं. पंतप्रधानांना, कायदेमंत्र्यांना, तुरुंगाच्या प्रमुखाला, आणि एक प्रत वर्तमानपत्रांना. सोळा वर्षांत दोनशेच्या वर पत्रं झाली होती. त्यांमुळे किती माणसं सुटली हे कोणालाच छातीठोकपणे सांगता आलं नसतं. पण सरांच्या पत्राकडे डोळे लावून बसलेली घरं होती, एवढं खरं.

पत्रं टाइप करायची त्यांची धाकटी बहीण. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली, लग्न न केलेली. वहिनी गेल्यावर दादाचं घर सांभाळायला म्हणून आली आणि टाइपरायटरसमोर बसली ती बसलीच. तोंडाने फटकळ. “दादा, या वाक्यात श्वास घ्यायला जागा ठेव, मंत्री म्हातारा आहे,” असं म्हणून ती खुशाल स्वल्पविराम घालायची.

एके सकाळी एक बाई आल्या. चाळिशीच्या असतील. गळ्यात मापं घ्यायची टेप तशीच राहिली होती, दारात लक्षात आल्यावर त्यांनी ती घाईघाईने पिशवीत कोंबली. शाळेचे गणवेश शिवायचं त्यांचं छोटं दुकान होतं. नवरा भूगोलाचा मास्तर. टेकडीवर सरकारने खाणीला परवानगी दिली तेव्हा मास्तरांनी, कुठल्या कुठल्या विहिरी आटतील ते दाखवणारा नकाशा काढून वाटला होता. नकाशा गुप्त ठरला आणि मास्तर आत गेले. दोन वर्षं झाली, खटला उभा राहिला नव्हता.

“आता त्यांचे डोळे चाललेत,” मास्तरीणबाई म्हणाल्या. “काचबिंदू आहे. रोज थेंब घालावे लागतात. ते देतच नाहीत.”

“हे तुम्हाला कसं कळलं? भेटीच्या वेळी शेजारी पहारेकरी असतो ना?”

बाई घुटमळल्या. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “तुरुंगाच्या दवाखान्यात एक कंपाउंडर आहेत. पँट आखूड करून घ्यायला म्हणून दुकानात येतात आणि दोन शब्द सांगून जातात. पण सर, हे तुमच्यापुरतंच हं.”

“अर्थात,” सर म्हणाले. आणि तेव्हा ते मनापासूनच म्हणाले.

पत्र दोन दिवसांत झालं. काचबिंदू, थेंब, न झालेला खटला, सगळं त्यात होतं. तरी सरांना ते कोरडं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मधे एक वाक्य घातलं: ‘दर आठवड्याला एक माणूस तुटलेलं बटण लावून घ्यायला शिवणाच्या दुकानात येतो आणि बटणाच्या बदल्यात एक निरोप ठेवून जातो; आपल्या राज्यात बायकोला नवऱ्याच्या डोळ्यांची खबर मिळण्याची तेवढी एकच वाट उरली आहे.’

टाइपरायटर थांबला. “दादा, हे बाईंना विचारलंस?”

“नाव कुठे घेतलंय मी? हुद्दासुद्धा नाही. आणि पँटचं बटण केलंय.”

“पँटचं बटण केलं की माणूस लपतो होय?”

“तू टाइप कर.”

तिने केलं. त्याबद्दल तिने स्वतःलाही कधी माफ केलं नाही.

पत्र गाजलं. तीन भाषांत गेलं. चाळीस प्राध्यापकांनी खाली सह्या केल्या. परदेशी वकिलातीतून विचारणा झाली. एका सभागृहात सरांनी ते स्वतः वाचून दाखवलं. बटणाच्या वाक्याला सभागृह असं शांत झालं की सर थांबले, पाण्याचा घोट घेतला आणि तेच वाक्य पुन्हा एकदा वाचलं.

पत्र छापून आल्याच्या नवव्या दिवशी मास्तरीणबाई पुन्हा आल्या. आभार मानायला आल्या असणार असं वाटून सर आतून हसतच बाहेर आले. “बसा, बसा. वाचलंत ना?”

“वाचलं.” बाई उभ्याच राहिल्या. “कंपाउंडरांना परवा धरून नेलं. त्याआधी पोलीस माझ्या दुकानात आले होते चौकशीला. हातात तुमच्या पत्राचं कात्रण होतं, त्या ओळीखाली लाल रेघ मारलेली. शिवणाची दुकानं शंभर असतील सर, पण आत असलेल्या माणसाच्या बायकोचं एकच आहे. माझी भेटही बंद केलीय.”

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. पण त्याच्याही आधी, अगदी क्षणभर, त्यांच्या मनात एक विचार येऊन गेला: वाचणाऱ्याने नेमकं वाक्य हेरलं. पत्रातलं सगळ्यांत चांगलं. हे त्यांनी पुढे फक्त बहिणीला सांगितलं, तेही खूप दिवसांनी.

“मी आत्ताच्या आत्ता त्यांच्यासाठी पत्र...”

“नको!” बाईंनी हात जोडले. “पाया पडते, आता काही लिहू नका.” ओरडल्या नाहीत, रडल्या नाहीत. बहिणीने पुढे केलेलं पाणीही घेतलं नाही त्यांनी. जिना उतरून गेल्या.

दोन दिवस सर खोलीतून बाहेर आले नाहीत. मग कंपाउंडरच्या घरचा पत्ता शोधून काढून निघाले. लाँड्रीच्या वर दोन खोल्या होत्या. दार उघडलं त्याच्या वडिलांनी. निवृत्त पोस्टमन. थैली वाहून वाहून उजवा खांदा कायमचा खाली आलेला. म्हाताऱ्याने क्षणात ओळखलं.

“सर, तुम्ही? माझ्या दारात?”

बोलू न देताच त्यांनी सरांना खुर्चीवर बसवलं, चहा टाकला आणि कपाटातून त्याच पत्राचं कात्रण काढून आणलं. “मास्तरांसाठी काय लिहिलंत हो! माझ्या मुलानेच वाचून दाखवलं मला. वाचता वाचता मधेच थांबला. म्हटलं, भरून आलं असेल. मऊ आहे हो तो पहिल्यापासून.” त्यांनी चष्मा पुसला. “त्याला का नेलंय, कोणी सांगत नाही. आता माझ्या मुलासाठीही असंच लिहा. तुमचं ऐकतात लोक.”

सर म्हणाले, “लिहीन.” चहा प्यायले. कप खाली ठेवताना बशीत सांडला, तो म्हाताऱ्याने लगबगीने पुसला.

घरी आल्यावर त्यांनी सगळं बहिणीला सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, “म्हणजे चहा पिऊन आलास.” आणि टाइपरायटरवर झाकण घातलं.

तिसऱ्या दिवशी सर पुन्हा त्या दोन खोल्यांत गेले. या वेळी बसले नाहीत. बाईंनी काय सांगितलं होतं, आपण काय कबूल केलं होतं, वाक्य का घातलं, सगळं सांगितलं. कुठे सारवासारव केली नाही. म्हातारा ऐकत राहिला.

“म्हणजे तो थांबला होता, ते...” पोस्टमन म्हणाले. खालच्या इस्त्रीचा वाफेचा आवाज येत होता.

“एकतीस वर्षं लोकांची पत्रं वाटली मी,” शेवटी ते म्हणाले. “पोस्टकार्डं तर उघडीच असतात, कोणीही वाचावीत. पत्त्याच्या पलीकडे नजर नेली नाही मी कधी.”

“माझं चुकलं.”

“चुकलं, खरंय. पण तुमच्या चुकण्याचं मी काय करू, सर? तो आत आहे.” त्यांनी दार उघडलं. “मला सांगितलंत ते त्याच्या वकीलबाईंना जाऊन सांगा.”

वकीलबाईंचं ऑफिस म्हणजे फायलींच्या ढिगात एक टेबल. सरांनी खिशातून कागद काढला. वर्तमानपत्रासाठी जाहीर माफी लिहून आणली होती.

“छापा की,” वकीलबाई न वाचताच म्हणाल्या. “तो माणूस म्हणजे हाच कंपाउंडर, हे तुमच्या सहीनिशी सिद्ध होईल. सरकारी वकिलाचे कष्ट वाचतील.”

सरांनी कागद पुन्हा खिशात घातला. माफी मागण्याचीसुद्धा सोय राहिली नव्हती.

“आता नीट ऐका,” वकीलबाई म्हणाल्या. “कंपाउंडर काही कबूल करत नाही. मास्तरीणबाईही नाही. त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून त्यांच्याकडे तुमचं ते वाक्य आहे, बाकी शून्य. काय करा ते मी सांगणार नाही. खोटं बोला असं वकिलाने सांगायचं नसतं.”

सरांना कळलं. आठवड्याभराने त्यांनी कोर्टात प्रतिज्ञापत्र दिलं: पत्रातला माणूस, दुकानातली भेट, बटण, निरोप, हे सर्व मी परिणाम साधण्यासाठी रचलं, अशी माहिती मला कोणीही दिलेली नाही. सही करण्याआधी त्यांनी बहिणीकडे पाहिलं. “शपथेवर खोटं.”

“बटण तरी तू खरंच रचलं होतंस,” ती म्हणाली. “तिथून सुरुवात कर.”

मग व्हायचं ते झालं. ‘कल्पनाशक्तीचे प्राध्यापक’ असा मथळा आला. ज्यांनी सह्या केल्या होत्या त्यांनी एकेक करून काढून घेतल्या. एका जुन्या मित्राने रस्ता ओलांडला. हे सगळं सरांना झेपलं. खरं तर त्यात त्यांना थोडं बरंही वाटत होतं, शिक्षा भोगल्यासारखं, आणि ते बरं वाटणं लक्षात आलं की पुन्हा लाज वाटायची. पण एक पत्र आलं ते मात्र झेपलं नाही. परदेशातल्या एका आईचं. तिच्या मुलासाठी सरांनी चार वर्षांपूर्वी लिहिलं होतं. तिने विचारलं होतं, ‘माझ्या मुलाबद्दल तुम्ही लिहिलंत ते तर खरं होतं ना? इथे आता लोक विचारतात, आणि मला काय सांगावं कळत नाही.’ सरांनी उत्तर सात वेळा लिहिलं. स्वतःच खोटा ठरलेल्या माणसाचं ‘खरं होतं’ तिच्या काय कामाचं? तरी शेवटी तेवढेच दोन शब्द लिहून पाठवले.

पाच महिन्यांनी कंपाउंडर सुटला. नोकरी गेली. एका रविवारी तो वडिलांना घेऊन सरांकडे आला. सडपातळ, केस अर्धे पांढरे झालेले.

“बाबा म्हणाले, भेटून ये. म्हणून आलोय,” तो बसताच म्हणाला. “मी रागावलोय तुमच्यावर. कोर्टात लिहून दिलंत ते समजलं, पण राग जात नाही. जाईल असं वाटतही नाही.”

“नका जाऊ देऊ,” सर म्हणाले.

बहिणीने चहा आणला. कंपाउंडरने तो घेतला, बशीत ओतून प्यायला, आणि उठता उठता विचारलं, “मास्तरांचं काय? दुसरा डोळा वाचला का? मी होतो तेव्हा डावा जवळपास गेलाच होता.”

सर बहिणीकडे पाहू लागले.

“म्हणजे? तुम्ही चौकशीच केली नाहीत?”

केली नव्हती. पाच महिने ते पोस्टमनच्या घराबद्दल, कोर्टाबद्दल, मथळ्यांबद्दल, आपल्या लाजेबद्दल विचार करत होते. ज्या माणसासाठी सगळं सुरू झालं, त्याचे डोळे आहेत की गेले, हे विचारायचं त्यांना सुचलंच नव्हतं. कंपाउंडरने वडिलांकडे बघितलं. वडिलांनी मान खाली घातली, जणू त्यांनाच ओशाळं झालं.

दुसऱ्या दिवशी सर दुकानात गेले. बाई मशीनवर होत्या, निळ्या गणवेशांच्या ढिगाआड. सरांना पाहूनही त्यांनी पाय थांबवला नाही, शिवण संपेपर्यंत मशीन चालू ठेवलं.

“डावा गेला,” त्या म्हणाल्या. “उजवा राहिलाय. वकिलातीने विचारलं म्हणून बाहेरचा डॉक्टर नेला होता एकदा, तेव्हापासून थेंब मिळतात.” दात लावून दोरा तोडला. “म्हणजे तुमच्या पत्रामुळेच. हे तुम्हाला सांगावं की नाही, ठरत नव्हतं माझं.”

सरांना यावर काय वाटून घ्यावं तेच समजेना.

“भेट सुरू झालीय, महिन्यातून एकदा. पण त्यांना कोणाची पत्रं येत नाहीत. लोक घाबरतात,” बाई म्हणाल्या. “तुम्ही लिहा. सरकारला नाही हो. त्यांना. मोठ्या अक्षरात लिहा म्हणजे झालं.”

“काय लिहू?”

“ते मी काय सांगणार? लिहिणारे तुम्ही.”

रस्त्याने परतताना सरांनी आठवून पाहिलं. दोनशे पत्रं. त्यांतलं एकही कैद्याला नव्हतं.

मास्तरांना लिहायला त्यांना चार दिवस लागले. एकेक अक्षर करंगळीएवढं काढलं. नकाशाबद्दल एक प्रश्न विचारला, बहिणीने कुंडीत लावलेल्या मिरचीचं लिहिलं, तब्येतीची चौकशी केली. उपमा एकही नव्हती. बहिणीने वाचलं आणि काही न बदलता पाकिटात घातलं.

उत्तर दीड महिन्याने आलं. पोस्टकार्डावर, तुरुंगाच्या शिक्क्यासह, वेड्यावाकड्या ओळींत. बहिणीने ते दारातच मोठ्याने वाचलं: ‘आपले पत्र मिळाले. मिरचीला ऊन कमी पडत असावे, कुंडी हलवून पाहावी. नकाशाबद्दल इथून लिहिता येत नाही. इथे वर्तमानपत्र मिळत नाही आणि भेटीत बाहेरचं काही बोलू देत नाहीत, त्यामुळे आपली ओळख पटली नाही. आपण कोण, ते कृपया कळवावे.’

बहीण हसायला लागली. हसता हसता तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. सरही हसले, पण त्यांचे कान लालबुंद झाले होते. मग त्यांनी कुंडी उचलून खिडकीच्या उन्हात ठेवली, कोरा कागद घेतला, आणि मोठ्या अक्षरात मायना लिहून, आपण कोण हे काय लिहावं या विचारात दुपारभर बसून राहिले.