ही ती निवेस नव्हे

१९४४च्या एप्रिलात निवेस बेर्तोलाझ्झीला तोरिनोजवळच्या टेकडीवरच्या लष्करी इस्पितळात गायला नेलं, तेव्हा सबंध इटलीला तिचं एक गाणं तोंडपाठ होतं. फलाटावरची मुलगी शिपायाला हसत हसत निरोप देते, ते. चार वर्षं ती रेडिओवर तेच गात आली होती. आधी आपल्या अधिकाऱ्यांनी मागितलं, मग देश ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी. नाही म्हणायची सोय नव्हती, आणि आताशा तेवढं त्राणही उरलं नव्हतं.

"घसा कसा आहे?" ट्रकमधून उतरताना म्हाताऱ्या रेमिजिओनं विचारलं. तिच्या साथीला अकॉर्डियन तोच वाजवायचा.

"आहे अजून. तेवढं बास झालं की, काका."

"एवढं उरक, पोरी. मग जवाचं काळं पाणी मिळेल. कॉफी म्हणून प्यायचं."

वॉर्डात चाळीसेक खाटा होत्या. दुसरं कडवं सुरू झालं आणि डोळ्यांवर पट्टी असलेला एक शिपाई ओरडला, "थांबवा! ही ती निवेस नव्हे!"

"तुल्लिओ, गप की लेका!" शेजारचा खेकसला. "डोळे गेले, आता कानही गेले का?"

"कानच तर राहिलेत! ती गाताना हसायची. ही बाई कुठं हसतेय?"

वॉर्डात खसखस पिकली. निवेसला राग आला नाही. उलट, कुणाच्या तरी लक्षात आलं म्हणून बरंच वाटलं. ती त्याच्या खाटेच्या कडेला टेकली.

"बरोबर ओळखलंस. ती दमलीय. म्हणून मला पाठवलं."

तुल्लिओ वरमला. "मग तिला एक निरोप द्याल, बाई? म्हणावं, ते गाणं आता पुरे. ते म्हणतच आम्ही रशियाला लढायला निघालो. डब्यात अकरा जण होतो. आलो मी एकटा."

निवेसनं विचारलं, "मग काय गाऊ?"

"तुमच्या घरचं काही नाही का?"

होतं. तिची आई वेर्चेल्लीच्या भातखाचरांत कंबरेत वाकून तण उपटायची. तिथल्या बायकांचं गाणं निवेसनं शहरात आल्यापासून ओठांवर येऊ दिलं नव्हतं. रेमिजिओला हातानं थांबवून तिनं ते तसंच उचललं. आवाज मध्येच चिरकला. तिनं चिरकू दिला. कोपऱ्यातल्या एका खेचरं हाकणाऱ्या शिपायानं धृपद धरलं, मग नर्सनं. तुल्लिओनं भिंतीकडे तोंड फिरवलं. रडतोय की ऐकतोय, हे तिनं विचारलं नाही.

बाहेर तिला घेऊन आलेला कॅप्टन वाट पाहत होता. "ठरलेलं गाणं अर्ध्यावर का सोडलंत?"

"ऐकणाऱ्यांना नको होतं."

"त्यांना विचारलं कुणी?"

"मी."

"मग रेडिओच्या यादीतून तुमचं नाव कापावं लागेल."

"कापा."

"अगं, काय बोलतेस!" रेमिजिओ कुजबुजला. "खाशील काय?"

"काका, मला आधी झोपू दे."

नाव खरंच कापलं गेलं. ती आईकडे गेली आणि पहिले पंधरा दिवस जवळजवळ झोपूनच होती. युद्ध संपल्यावर रेडिओनं पुन्हा बोलावलं. त्यानंतर सातेक वर्षं ती गायली, पण निरोपाचं गाणं पुन्हा कधीच नाही. लोकांनी पत्रं पाठवून पाठवून नाद सोडला. एकदा तिनं इस्पितळाला तुल्लिओचा ठावठिकाणा विचारला. त्याला त्याच्या डोंगरातल्या गावी पाठवलं, असं उत्तर आलं. गावाचं नाव त्यांनी लिहिलं नव्हतं.