कुलपातला उतार

मी एक जुना नकाशा आहे. कागदावरचा नव्हे, फोनातला. नदीला उतार कुठे आहे, घोडा कुठून पाण्यात घालावा, एवढंच मी सांगतो. मित्रांनो, ज्या दोघांनी मला जन्म दिला ते आज एकमेकांचं तोंड बघत नाहीत. माझा दोघांवरही राग आहे, आणि त्याहून जास्त स्वतःवर.

दूरदेशी नारीनच्या डोंगरातले शाळामास्तर रिस्कुल आणि त्यांची विद्यार्थिनी बेगायीम, दोघांनी मला अर्धा-अर्धा लिहिला. मास्तरांनी माझ्या कपाळी एक अट लिहिली: मला कुणीही फुकट घ्यावं, सुधारावं, पुढे द्यावं, मात्र ज्याला द्याल त्याचा पुढे देण्याचा हक्क अडवू नये. तिथे कुमिसाचं, म्हणजे घोडीच्या आंबवलेल्या दुधाचं, विरजण असंच घरोघर फिरतं. उन्हाळी कुरणांवर नेटवर्क नसतं, म्हणून मीही एका फोनातून दुसऱ्यात, एका तंबूतून दुसऱ्यात गेलो. दर वसंतात नदी उतार बदलायची आणि मास्तर घोड्यावरून फिरून नवे मोजायचे. लोक मला दुवा द्यायचे. मला ती थोडी चढलीही होती.

मग बेगायीम शहरात नोकरीला लागली. महागड्या फोनांत फोनकंपनीच्या अ‍ॅप-बाजारातून आल्याखेरीज मुंगीही शिरत नाही, म्हणून तिला मला त्या बाजारात न्यायचं होतं. एकदा जेवणं उरकल्यावर तिने मास्तरांना सांगितलं, "याला मोठ्या बाजारात नेतेय." मास्तरांनी तळवे उघडून आशीर्वाद दिला. तिने तो होकार समजला. वडीलधाऱ्याच्या आशीर्वादानंतर सही मागणं तिथे अपमानाचं असतं. बाजाराचा करार तिने एकटीनेच मान्य केला. त्यात स्पष्ट होतं, घेतलेली प्रत दुसऱ्याला देता येणार नाही.

शेराम्बी नावाच्या मेंढपाळाकडे लेकीने परदेशातून पाठवलेला तसला फोन होता. पलीकडच्या खोऱ्यातल्या पाहुण्याने त्याच्याकडे मला मागितलं. शेराम्बीने तासभर खटपट केली, पण फोन ढिम्म हलेना.

"द्यायचं नसेल तर तसं सांग ना बाबा," पाहुणा म्हणाला आणि कुमिसाचा वाडगा अर्धा टाकून उठला. शेराम्बीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

हे कळताच मास्तर पेटले. त्यांनी बाजाराला पत्र लिहिलं: यातलं अर्धं माझं, आणि माझी अट मोडली आहे. प्रत देण्यावरचं कुलूप काढण्यापेक्षा मलाच काढणं बाजाराला सोपं वाटलं. एका दिवसात माझी हकालपट्टी झाली.

बेगायीम तणतणत गावात आली.

"मास्तर, आशीर्वाद देऊन पाय ओढलेत!"

"आशीर्वाद तुझ्या प्रवासाला होता. कुलपाला नव्हता."

"चार हजार जणांकडे पोचला होता तो!"

"चार हजार जणांना कंजूष केलंस."

"मग बसा तुमची तत्त्वं चाटत."

"आणि तू त्या कंपनीचे जोडे चाट."

वसंतात नदीने पुन्हा पात्र बदललं. मास्तरांनी नवा उतार मोजला आणि साध्या फोनांत तो हातोहात गेला. शेराम्बीच्या फोनातला मी मात्र जुनाच राहिलो. बाजारात माझं नाव उरलं नव्हतं आणि बाहेरून त्या फोनात काही शिरत नव्हतं. त्या वर्षी कुरणाकडे सगळ्यांत आधी तोच निघाला, त्यामुळे सांगायलाही कुणी नव्हतं. त्याने मला विचारलं. मी छातीठोकपणे गेल्या वर्षीची जागा दाखवली.

तो काठावरचं झुडूप धरून वाचला. घोडी वाहून गेली. तिच्या पोटात शिंगरू होतं.

मास्तर आणि बेगायीम दोघंही धावत आले आणि काठावरच पुन्हा जुंपली.

"गप्प बसा," शेराम्बी म्हणाला. "तुम्ही दोघं बरोबरच असाल. फक्त पुढच्या वेळी दोघांतल्या एकाने पाण्यात माझ्यापुढे चालावं."

मित्रांनो, कुणी काही फुकट दिलं तर त्याची अट वाचा, आणि देणाऱ्याला तोंडावर विचारा. कुलूप लावणाऱ्याशी खुशाल भांडा, पण आत अडकलेल्याला आधी बाहेर काढा. शेराम्बीने मला अजून पुसलेलं नाही. तो मला रोज उघडतो आणि ती जागा बघतो.